बदनापूरची पॅसेंजर आणि अण्णांचा रुमाल

मी बदनापूर सोडलं त्या दिवशी आधी उलट्या दिशेला गेले. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. मुंबईकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या बदनापूरला सहसा थांबत नाहीत. म्हणून आमच्याकडची माणसं आधी जालन्याला जातात, तिथे गाडीत बसतात आणि मग तीच गाडी त्यांना घेऊन धडधडत बदनापूरवरून निघून जाते. त्यामुळे निरोपाची आमची रीतही वेगळी. घरचे जालन्याला येत नाहीत, बदनापूरच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहतात. जाणारा गाडीच्या दारात उभा राहतो. दहा-बारा सेकंद मिळतात. तेवढ्यात हात हलवायचा, लांबून ओळखू येईल असं काहीतरी रंगीत फडकवायचं, आणि रडायचं असेल तर तेही त्यातच उरकून घ्यायचं.

माझ्या निरोपाला आई पिवळी ओढणी घेऊन उभी होती, माझीच, कॉलेजातली. मी एस-सहाच्या दारात. बदनापूरच्या आधीचं स्टेशन दिनागाव मागे पडलं तशी मी दांडी धरून बाहेर वाकले. बदनापूर जवळ आलं आणि गाडी मंदावली. मंदावली, आणखी मंदावली आणि चक्क थांबली. आमच्या भागात तेव्हा एकच रूळ होता. समोरून गाडी येत असली की एकीनं स्टेशनात बाजूच्या जादा रुळावर थांबून दुसरीला वाट द्यायची. क्रॉसिंग म्हणतात त्याला. आई बिचारी दहा सेकंदांच्या हिशेबानं आली होती. इंजिन दिसल्याबरोबर तिनं रडायला घेतलं होतं आणि माझा डबा समोर येईपर्यंत तिचं आटोपलंही होतं. आता गाडी उभी, मी दारात, ती खाली, आणि पुढे काय करायचं ते दोघींनाही कळेना. तिनं विचारलं, पाणी घेतलं का. मी हो म्हटलं. जरा वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्हा दोघींनाही हसू फुटलं. परदेशी निघालेल्या मुलीच्या निरोपाला आमच्या स्टेशनात इतकं कुणी हसलं नसेल.

फक्त अण्णा नव्हते. अण्णा म्हणजे माझे वडील. औरंगाबादला सरकारी कचेरीत कारकून, आणि तीस वर्षं रोज बदनापूरहून अपडाउन. शहराचं नाव पुढे बदललं, अण्णांच्या पासावर नवं नाव आलं, तोंडात जुनंच राहिलं. त्या दिवशीही ते रोजच्यासारखे डबा घेऊन सकाळी निघाले. दारात चप्पल घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या येईस्तोवर तू गेलेली आसशील. बरं हाय." महिनाभर ते माझ्याशी धड बोललेच नव्हते. मी जर्मनीत नर्सची नोकरी घेतली, त्यासाठी वर्षभर त्यांच्या नाकासमोर भाषा शिकले, परीक्षा दिली, व्हिसा आला, तरी त्यांना वाटत होतं की शेवटी काहीतरी अडेल आणि पोरगी घरी राहील. काही अडलं नाही. मग ते रुसले.

त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. रेल्वे कशासाठी आहे? सकाळी जायला आणि संध्याकाळी परत यायला. माणसानं कुठेही जावं, पण रात्रीची भाकरी आपल्या घरी खावी. त्यापुढे जाणं म्हणजे नोकरी नाही, तो वनवास. बढतीवर बदली होत होती तेव्हा त्यांनी दोनदा बढतीच नाकारली होती. त्यांचे कचेरीतले सोबती पुण्यात फ्लॅट घेऊन बसले आणि अण्णा बदनापूरच्या पॅसेंजरमध्ये. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

तर आमची गाडी ज्या गाडीसाठी थांबली होती, ती अण्णांचीच निघाली. औरंगाबादहून येणारी संध्याकाळची पॅसेंजर. मी निघून गेल्यावर पोचायचं असा त्यांचा बेत होता. पण माझी गाडी त्या दिवशी उशिरा सुटली होती. पॅसेंजर पलीकडच्या रुळावर येऊन उभी राहिली, अपडाउनवाले भराभरा उतरले आणि नेहमीप्रमाणे निम्मी जनता रूळ ओलांडून अलीकडे आली. अण्णा उतरले. त्यांनी आमची गाडी पाहिली, उघड्या दारांतून आरपार आईच्या हातातली ओढणी पाहिली. मला वाटलं, आता तरी धावत येतील. पण तीस वर्षं रूळ ओलांडणाऱ्यांना शिव्या घालणारा माणूस तो. ते पुलाकडे वळले. पायऱ्या चढले. डबा एका हातात, दुसरा हात कठड्यावर, रोजच्या चालीनं पूल पार करू लागले. इकडे माझ्या गाडीला सिग्नल मिळाला. आई खालून पुलाकडे बघत म्हणाली, "ह्या मानसाला आज बी कायदाच पायजे." अण्णा शेवटच्या पायऱ्या उतरले, धापा टाकत माझ्या दाराशी आले, आणि महिनाभराच्या अबोल्यानंतर माझ्या वडिलांनी मला काय विचारलं? "जागा मिळाली का?"

रिझर्व्हेशन आहे अण्णा, मी म्हटलं. ते म्हणाले, "खिडकी हाय का?" मी हो म्हटलं आणि गाडी हलली. हात हलवायचा राहूनच गेला, त्यांचाही आणि माझाही.

हे मी तुम्हा दोन्ही तऱ्हेच्या बदनापूरकरांसाठी लिहिते आहे. जे प्लॅटफॉर्मवर राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे दारात उभे राहून गेले त्यांच्यासाठी. आपल्या स्टेशनाचा इतिहास कुणी लिहिणार नाही, कारण तिथे काही घडत नाही. गाडी येते, जाते. निजामाच्या काळात हा रूळ आला, तेव्हा छोटी मीटरगेजची गाडी होती. माझे आजोबा दोन कोसांवरच्या खेड्यातले. कोरडवाहू रान, कापूस आणि तूर. त्यांनी पोरांना जालन्याच्या शाळेत घालायचं ठरवलं आणि गाडी सापडावी म्हणून गावातलं घर सोडून स्टेशनाजवळ दोन खोल्या बांधल्या. गावकऱ्यांनी तेव्हा त्यांनाही नावं ठेवली होती. अण्णा त्या दोन खोल्यांत वाढले. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, गाड्यांवर दिवस चालायचा. आजोबा म्हणायचे, सकाळच्या गाडीला चूल पेटली पाहिजे आणि संध्याकाळच्या गाडीला दिवा.

मग मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. ते काम चालू होतं तेवढे दिवस अण्णा एसटीनं जात होते आणि त्या दिवसांबद्दल ते आजही कुणी मेल्यासारखं बोलतात. आता तर वरून विजेच्या तारा गेल्या, शेजारी दुसऱ्या रुळाचं काम चाललंय. तो झाला की क्रॉसिंगही जाईल. प्रगती आहे, चांगलंच आहे. पण यापुढे निरोपाला आलेल्या आयांना दहा सेकंदांतच सगळं उरकावं लागेल.

नर्सिंगची चार वर्षं मीही अण्णांबरोबर अपडाउन केलं. ज्यांनी केलेलं नाही त्यांना वाटतं, हा नुसता प्रवास आहे. तसं नाही, ती एक पंचायत आहे. पॅसेंजर जालन्याहून भरून येते, बदनापूरला जागा मिळायची शक्यता नाही. म्हणून जालन्याला चढणारे सय्यद चाचा आमच्या जागा धरून आणायचे. जागा धरायची म्हणजे तिच्यावर रुमाल टाकायचा. चाचांच्या पिशवीत डबा कमी आणि रुमालच जास्त असायचे. त्याच्या बदल्यात बदनापूरवाल्यांनी खाऊ घालायचं. थंडीत हुरडा, मग उकडलेल्या शेंगा, मोसंबीच्या दिवसांत मोसंबी. तिघांच्या बाकावर चौघं बसायची. ती चौथी सीट म्हणजे अर्धा माणूस बाकावर आणि अर्धा वाटेत, पण सरका जरा म्हटल्यावर सरकायचं नाही, असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही. माझी जागा खिडकीची. तिथे बसून मी शरीररचनेची पुस्तकं पाठ केली आणि समोर बसलेल्या अण्णांनी माझ्याकडून हाडांची नावं पाठ करून घेतली. त्यांना इंग्रजी उच्चार जमायचे नाहीत, पण चूक बरोब्बर पकडायचे.

रुमालाचाही कायदा होता. कुणी आलं नाही तर त्याची जागा किती दिवस राखायची यावरून एकदा मोठं भांडण झालं, तेव्हा अण्णांनीच बसून नियम केले. आजारी असेल तर आठ दिवस. घरात लग्न असेल तर पंधरा. बाळंतीण असेल तर तीन महिने. त्यापुढे रुमाल उचलायचा आणि जागा ज्याला हवी त्याची. कुणाचीही रदबदली चालायची नाही, अगदी चाचांचीही नाही.

ही सगळी विद्या घेऊन मी जर्मनीत उतरले. दक्षिणेकडचं एक लहान गाव, बदनापूरपेक्षा थोडंसंच मोठं. त्यालाही एक स्टेशन, दोन रूळ, एक बाक. पलीकडच्या मोठ्या गावात माझं हॉस्पिटल, चौदा मिनिटं लागतात. म्हणजे बघा, सात समुद्र ओलांडून मी अपडाउनच करायला लागले. पहिल्याच आठवड्यात मी दोघांच्या सीटवर बसलेल्या एका आजीबाईंना हातानं सरका जरा अशी खूण केली आणि त्यांच्या शेजारी एक तरुण बसलेला असतानाही तिसरी म्हणून टेकले. डब्यात निम्म्या जागा रिकाम्या होत्या. ते माझ्या लक्षातच आलं नाही, कारण रिकाम्या डब्याची मला सवय नव्हती. तो तरुण गडबडून उठला. आजीबाई मात्र सरकल्या, आणि मग पुढची चौदा मिनिटं त्यांनी मला त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. आजही भेटल्या की गुडघ्यापासूनच सुरुवात करतात.

दुसऱ्या वेळी तर मी कमाल केली. वॉर्डातली केरळची एक मैत्रीण पुढच्या स्टेशनावर चढणार होती, तिच्यासाठी मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. तिकीट तपासनीस आला, तो रुमाल दोन बोटांत उचलून त्यानं अदबीनं मला परत दिला आणि म्हणाला, तुमचा पडला वाटतं. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

वॉर्डाला तिथे श्टात्सिओन म्हणतात आणि नर्सला श्वेस्टर, म्हणजे बहीण. हे फोनवर अण्णांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच जरा मोकळे बोलले. म्हणाले, मंग बराबर हाय, स्टेशनातच हायेस. पण त्यापुढे गाडी जायची नाही. कधी येणार हा प्रश्न ते विचारत नसत आणि मी काही सांगत नसे. आई मध्ये बसून दोघांना भाजी काय केली ते सांगायची.

असे पाच-सहा महिने गेले. एक दिवस चाचांचा फोन आला. त्यांनी मला आधी कधीच फोन केला नव्हता, म्हणून मी घाबरले. घाबरण्यासारखं काही नव्हतं. चाचा म्हणाले, "बेटी, तेरी खिडकी में रुमाल बैठ के जा रा. हम बुड्ढे खडे हैं. अण्णा को बोलेगा कौन?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. मी गेल्यापासून अण्णा स्वतःचा एक रुमाल चाचांकडे ठेवून होते. चाचांनी तो रोज जालन्याला माझ्या खिडकीवर टाकायचा, बदनापूरला अण्णा चढायचे, समोर बसायचे आणि औरंगाबादला उतरताना तो घडी करून चाचांना परत द्यायचे. गर्दीतली माणसं कुरकुरायची. कुणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, येणार हाये ती. नियम करणारे तेच, आणि तीन महिने कधीच उलटून गेले होते. मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली. फोन ठेवला आणि मग मात्र हसू जागच्या जागी थांबलं.

कारण माझ्या टेबलावर एक कागद होता. हॉस्पिटलनं मला कायमची नोकरी देऊ केली होती. सही करायची होती आणि मी दोन आठवडे ती टाळत होते. काम मला आवडत होतं, गाव आवडत होतं, माझी भाषा सुधारत होती, माझ्या हातांना तिथे मान होता. मला राहायचं होतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा उघड बोलले नव्हते. आणि तिकडे हजारो मैलांवर एक रुमाल रोज माझ्या नावानं प्रवास करत होता. तुमच्यापैकी जे निघून गेले त्यांना हे माहीत असेल. आपल्यावर कुणी रागावलं तर निभावता येतं. पण कुणी आपली जागा धरून बसलं की सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवावं लागतं.

मी आईला सगळं सांगितलं. कागदाचंही आणि रुमालाचंही. रुमालाचं तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "बघते म्या." आई तीस वर्षं स्टेशनावर माणसांना पोचवायला जात होती, पण स्वतः त्या पॅसेंजरमध्ये सणावारापुरतीच बसली होती. ती काय बघणार, असं मला वाटलं.

पुढचं मला चाचांनी सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच आता वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अण्णांच्या मागोमाग स्टेशनावर गेली. पॅसेंजर आली. ती चढली, खिडकीपाशी गेली, रुमाल उचलला, त्याची चौघडी घातली, अण्णांच्या हातात दिला आणि बसली. अण्णांनी विचारलं, हे काय? आई म्हणाली, "रुमालाला तिकीट न्हाई. माह्याकडं हाय, काढून आले म्या."

अण्णांनी विचारलं, कुठं निघालीस? औरंगाबादला. कामून? तर आई म्हणाली, "तुमी तीस वर्सं जाऊन राह्यलात. कामून जाता ते बघाया."

डबा हसला, अण्णा हसले नाहीत. पुढचं करमाड स्टेशन येईपर्यंत ते हातातल्या रुमालाकडे बघत बसले होते. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "ती आली म्हंजे कुठं बसंल?"

"माह्या शेजारी. सरकून बसू." आणि मग आईनं त्यांना तो प्रश्न विचारला, जो मी वर्षभर भांडूनही विचारू शकले नव्हते. "मामांनी बी स्टेशनापायी गाव सोडलंच की. त्यांची जागा गावात कुणी धरून ठिवली व्हती का?"

मामा म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा. चाचा सांगतात, अण्णांनी रुमाल खिशात ठेवला, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वारं लागत आसंल तर लावू का खिडकी?"

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. स्वयंपाकघरात उभी, केस विस्कटलेले, तोंडावर प्रवासाची धूळ, आणि इतकी खूश की विचारू नका. तिनं औरंगाबाद पाहिलं होतं, माझं नर्सिंग कॉलेज बाहेरून पाहिलं होतं, एका दुकानात इडली खाल्ली होती. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सही कर. जागा रिकामी न्हाई आता." मी त्याच रात्री सही केली. खूप रडले, पण ते रडणं हलकं होतं.

आईचा एक दिवसाचा प्रवास तिथेच थांबला नाही. तिला खिडकी आवडली. आठवड्याभरानं ती पुन्हा गेली, या वेळी घरच्या तुरीची डाळ घेऊन. आमच्या रानातली तूर ती स्वतः भिजवते, वाळवते आणि जात्यावर भरडते. माझ्या जुन्या कॉलेजातल्या मुलींनी आणि हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी ती डाळ शिजवून पाहिली आणि मग आईला फुरसत उरली नाही. आता आठवड्यातून तीन दिवस तिचं अपडाउन असतं. बाकाखाली तिचं पोतं, बाकावर ती, आणि डब्यातला कारभार तिच्या हातात. रुमालाचे कायदे तिनं बदलले. आजाऱ्याला आठ दिवस पुरत नाहीत म्हणून पंधरा केले. अण्णा गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता ते घरी बसतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा पास काढला. आईचं पोतं कोण उचलणार, हे त्यांचं कारण. पोत्यावरून आई त्यांना जे बोलते ते मुकाट ऐकून घेतात, कारण तिच्यापुढे नियम चालत नाहीत.

या जानेवारीत मी गेले होते. हुरड्याचे दिवस होते, सकाळी थंडी. मी हट्टानं म्हटलं, मला पॅसेंजरनं यायचंय. आम्ही तिघं स्टेशनावर गेलो. इमारतीला नवा रंग, शेजारी नव्या रुळाची खडी, खांबांवर तारा. पुलावरून जायला लागले तर अण्णा खूश होऊन सोबत आले. गाडी आली, आम्ही चढलो. आई तिच्या खिडकीत जाऊन बसली. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाक भरलेला होता. आई, चाचा, कॉलेजची एक मुलगी, आणि चौथ्या सीटवर चष्मा लावलेला एक तरुण, नागपूरकडून बदलून आलेला, आमच्या पंचायतीत महिन्यापूर्वीच सामील झालेला. माझ्यासाठी कुणी रुमाल टाकला नव्हता.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मी स्वतः ती जागा सोडली होती, सोडता यावी म्हणून आईला कामाला लावलं होतं, तरी ती भरलेली बघवत नव्हती. घर म्हणजे जिथे आपली जागा राखून ठेवलेली असते, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. मी अण्णांच्या शेजारी दांडीला धरून उभी राहिले आणि बाहेर बघत असल्याचं नाटक केलं.

त्या चष्मेवाल्या तरुणाला माझे बूट, माझा कोट दिसला असावा. तो उठू लागला आणि सभ्यपणे म्हणाला, बसा ना, पाहुण्या दिसता. कुठून आलात?

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. "पाव्हणी न्हाई. माही पोरगी हाय. जर्मनीहून अपडाउन करती."

तरुण हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "लांबची गाडी हाय, म्हनून यायला येळ लागतो," ते म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि बाकाकडे बघत म्हणाले, "उठू नगा कुनी. सरका जरा."

तिघांच्या त्या बाकावर पाचवी मी कशी मावले ते मला अजून कळलेलं नाही. पण मावले, आणि औरंगाबादपर्यंत बसून गेले.